एका माणसाच्या हाताखाली आठ यंत्रे



एका टेबलावर एक कळफलक, एक माउस आणि एक पडदा आहे. टेबलाखाली, शेजारच्या कपाटात किंवा वरच्या मजल्यावर आठ संगणक चालू आहेत. खुर्चीवर माणूस मात्र एकच बसला आहे, आणि एकामागून एक अशी ती आठही यंत्रे तो चालवीत आहे. हे ज्या लहानशा डब्यामुळे शक्य होते, त्या डब्याची हकिगत आज आम्हांस सांगावयाची आहे. बाजारात त्याला 'केव्हीएम स्विच' म्हणतात. कीबोर्ड, व्हिडिओ आणि माउस या तीन शब्दांची ही आद्याक्षरे होत. १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील सायबेक्स नावाच्या कंपनीत हे नाव पडले. आपण येथे त्याला नुसता 'डबा' म्हणू.

आम्ही कामगार संघटनेत काम करणारे. विजेचे किंवा संगणकाचे शिक्षण आम्ही कोणत्याही कॉलेजात घेतलेले नाही. जे कळले ते ही यंत्रे चालविणाऱ्या मुलामुलींना विचारून, यंत्राबरोबर येणाऱ्या पुस्तिका वाचून आणि एक मोडका डबा खोलून पाहून कळले. सभेत कोणी जाणकार असतील त्यांनी हे ध्यानात ठेवून ऐकावे. तथापि या विषयाकडे आम्ही वळलो ते केवळ कुतूहलाने नव्हे. एका माणसाने किती यंत्रे सांभाळावी हा प्रश्न मुंबईच्या गिरणगावात ज्याने एकदा ऐकला, त्याला हा डबा पाहिल्यावर तो आठवल्यावाचून राहत नाही. त्या प्रश्नाकडे आपण मागाहून येऊ. आधी डबा समजून घेऊ.

संगणकाच्या आरंभीच्या काळी सर्व प्रकार नेमका उलटा होता. यंत्र एक आणि माणसे अनेक. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे मोठे यंत्र आले, तेव्हा इतर संस्थांतील लोकही आपापली गणिते घेऊन त्याच्या दारी येत. अमेरिकेत एमआयटी या विद्यापीठात १९६१ साली एकाच यंत्राला अनेक टंकलेखन यंत्रे जोडून दाखविली गेली. यंत्राने आपला वेळ कणाकणाने सर्वांना वाटावयाचा आणि प्रत्येकाला वाटावे की यंत्र आपलेच आहे. यंत्र महाग आणि माणसाचा वेळ स्वस्त, असा तो जमाखर्च होता. पुढे १९८१ साली आयबीएम कंपनीचा टेबलावर मावणारा संगणक बाजारात आला, किमती उतरत गेल्या, आणि नव्वदीच्या दशकात कचेऱ्यांमध्ये टपालाचे यंत्र वेगळे, हिशेबाचे वेगळे, कागदपत्रे साठविण्याचे वेगळे असे होऊ लागले. यंत्रे इतकी झाली की जागा पुरेना.

ही यंत्रे ज्या लोखंडी घोडीत रचून ठेवतात तिला रॅक म्हणतात. तिची रुंदी १९ इंच. तिच्यातील एकेक घर पावणेदोन इंच उंचीचे, आणि पूर्ण उंचीच्या रॅकमध्ये अशी ४२ घरे असतात. म्हणजे एका माणसाच्या उंचीपेक्षा थोड्या अधिक जागेत चाळीसेक संगणक थप्पीने बसतात. आता प्रत्येकाला स्वतंत्र कळफलक आणि स्वतंत्र पडदा द्यावयाचा म्हटले तर तो ठेवणार कोठे? त्या काळचे पडदे काचेच्या जाड नळीचे; एकेकाचे वजन पंधरा-पंधरा किलो. शिवाय ही यंत्रे दिवसाचे चोवीस तास आपापले काम मुकाट्याने करीत असतात. त्यांच्यासमोर माणूस बसावा लागतो तो क्वचित, काही बिघडले किंवा बदलावयाचे असले तर. तेव्हा एकच कळफलक व एकच पडदा ठेवावा आणि लागेल तसा तो या यंत्राचा काढून त्या यंत्राला लावावा, ही कल्पना कोणालाही सुचण्याजोगी आहे.

सुचली, आणि पहिले डबेही तसेच साधे होते. जुन्या रेडिओला जशी फिरवावयाची खुंटी असे, तशी एक खुंटी. ती एकवर ठेवली की कळफलकाच्या तारा पहिल्या यंत्राला जोडल्या जात, दोनवर ठेवली की दुसऱ्याला. याहून सोपे काय असणार? पण हे डबे लोकांना रडवीत असत. त्याचे कारण मनोरंजक आहे आणि तेच या विषयाचे मर्म आहे, म्हणून येथे थोडे थांबतो.

संगणक हा जागा होताच पहिल्याप्रथम हजेरी घेतो. स्मृती किती आहे, तबकडी आहे काय, कळफलक आहे काय. कळफलकाने या हजेरीला 'आहे' असे उत्तर द्यावे लागते. कळफलक म्हणजे नुसत्या बटणांची फळी नव्हे. त्याच्या पोटात एक लहानशी चकती असते, आणि वीज मिळताच ती स्वतःची तपासणी करून ठरावीक खुणेचा संदेश पाठविते. तो आला नाही तर जुने संगणक पडद्यावर लिहीत की कळफलक सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ ही कळ दाबा. कळफलकच नाही तर कळ कोठची दाबणार, हा विनोद या धंद्यातील प्रत्येक माणसाने निदान एकदा केलेला आहे. पण विनोद बाजूला ठेवला तर आपत्ती खरी होती. रात्री वीज जाऊन आली, आठही यंत्रे एकदम उठली, आणि खुंटी ज्या एकावर होती तेवढेच कामाला लागले. उरलेली सात यंत्रे कळफलकाची वाट पाहत सकाळपर्यंत खोळंबून राहिली.

माउसची अडचण याहून नाजूक. १९८७ साली आयबीएमने गोल भोकांची जी जोडणी आणली, आणि जिच्यात पुढे कळफलकाला जांभळे व माउसला हिरवे असे रंग ठरले, ती चालू यंत्रातून काढून पुन्हा घालण्यासाठी केलेलीच नव्हती. जागे होताना संगणक आणि माउस यांच्यात काही बोलणे होते: वेग किती, बटणे किती, चाक आहे की नाही. मध्येच तार तुटली आणि पुन्हा जुळली की हे ठरलेले सर्व माउस विसरून जातो आणि संगणकाला त्याचा पत्ता नसतो. मग बाण पडद्यावर सैरावैरा धावतो किंवा मुळीच हलत नाही.

यावर जो उपाय निघाला तो गिरणीतल्या माणसाला चटकन समजेल. बदली कामगार! नेहमीचा माणूस नसला म्हणजे साच्यावर बदलीवाला उभा राहतो. साचा रिकामा दिसत नाही. डब्याच्या प्रत्येक भोकामागे आता एक बदली कळफलक आणि एक बदली माउस बसविला. खरा नव्हे, एक चकती, जी कळफलकासारखे बोलते. संगणकाने हजेरी घेतली की ती 'आहे' म्हणते. खरा कळफलक त्या वेळी तिसऱ्याच यंत्राशी बोलत असला तरी आठही यंत्रांना आपापला कळफलक आणि माउस जागेवर असल्याचा भरवसा असतो. माणूस एक कळ दाबतो ती प्रथम डब्याला कळते; डबा ती ज्याची पाळी असेल त्या यंत्राच्या बदलीवाल्याकडे देतो, आणि तो ती यंत्राला सांगतो. चांगला डबा आणि वाईट डबा यांच्यातील फरक पुष्कळ अंशी या बदलीवाल्याच्या हुशारीत आहे.

गोल भोके जाऊन १९९६ पासून यूएसबीची चपटी भोके आली. चालू यंत्रात काढघाल करता यावी हा तिचा एक हेतूच होता. त्यामुळे सर्व त्रास संपेल असे वाटले होते. तो संपला नाही, रूप बदलले. यूएसबीत उपकरण आपणहून कधी बोलत नाही. संगणक त्याला पुनःपुन्हा विचारतो. साध्या माउसला तो सेकंदाला सुमारे सव्वाशे वेळा 'काही सांगावयाचे आहे काय' असे विचारीत असतो. आणि नवे उपकरण लागले की आधी त्याचे ओळखपत्र तपासतो: कोणत्या कारखान्याचे, कोणत्या जातीचे, वीज किती घेणार. बाजारात स्वस्त मिळणारे डबे बदलीवाला ठेवीत नाहीत. ते नुसती तार इकडून तिकडे करतात. त्यामुळे यंत्र बदलले की दरवेळी ओळखपत्राची तपासणी होते आणि माणूस एकदोन सेकंद ताटकळतो. घरी दिवसातून चारदा बदलणाराला याचे काही वाटणार नाही. पाळीत दोनशे वेळा बदलणाऱ्या माणसाला वाटते, आणि त्याची खरेदी करणारा माणूस तो नसतो.

राहिला पडदा. पडद्यालाही हजेरी द्यावी लागते, हे आम्हांस बरेच उशिरा कळले. पडद्याच्या आत १२८ बाइटांची एक चिठ्ठी असते. रुंदी किती ठिपक्यांची, उंची किती, चित्र सेकंदाला किती वेळा बदलता येते, हे तीत लिहिलेले असते. संगणक ती वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवितो. डब्याने पडदा दुसऱ्या यंत्राकडे वळविला आणि चिठ्ठी मिळेनाशी झाली, तर पहिले यंत्र समजते की पडदा गेला. मग ते चित्राचा आकार बदलते, उघडलेल्या खिडक्या एका कोपऱ्यात गोळा करते, आणि परत यावे तो टेबलावरचा सर्व पसारा हललेला. बरे डबे या चिठ्ठीची नक्कल करून ठेवतात आणि सर्व यंत्रांना सतत दाखवीत राहतात. डबा घेताना दुकानदाराला एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा. उत्तर देता आले नाही तर दुसरे दुकान पाहावे.

येथे थोडा हिशेब करू. तो आम्हांस फार बोधप्रद वाटला. वेगाने टंकलेखन करणारा माणूस मिनिटाला साठ इंग्रजी शब्द उमटवितो, म्हणजे तीनशे ठोके, म्हणजे सेकंदाला पाच. हाताकडून यंत्राकडे जाणारा मजकूर एवढाच. आता पडद्याकडे पाहा. आजच्या साधारण पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात; एकूण २० लाख ७३ हजार ६००. ते सेकंदाला ६० वेळा रंगवावे लागतात, म्हणजे सेकंदाला १२ कोटी ४४ लाख ठिपके, आणि प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ अंक. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे ३०० कोटी अंक होतात. हाताची गळती एक थेंब आणि डोळ्याचा पूर! डब्याची किंमत जी चढते ती या पुरामुळे. अधिक तपशिलाचा पडदा लावला की हा पूर चौपट होतो आणि जुना डबा त्याला पुरत नाही. म्हणून काही ठिकाणी चित्राचा नाद सोडून प्रत्येक यंत्राला आपला स्वतंत्र पडदा ठेवतात आणि फक्त कळफलक व माउस वाटून घेतात.

हे वाटून घेणे डब्याशिवाय, नुसत्या प्रोग्रामनेही होते. २००१ साली सिनर्जी नावाचा असा एक प्रोग्राम निघाला. पुढे मायक्रोसॉफ्टमधून २०११ साली 'माउस विदाउट बॉर्डर्स' आला, तो चार यंत्रांपर्यंत चालतो. ॲपल कंपनीने २०२२ साली आपल्या यंत्रांत तीच सोय केली. दोन पडदे शेजारी ठेवावे, माउसचा बाण एका पडद्याच्या कडेवर न्यावा, तो तेथून निघून शेजारच्या यंत्राच्या पडद्यावर प्रकट होतो, आणि कळफलकही त्याच्यामागोमाग जातो. प्रथम पाहणाराला ही गंमत वाटते. संदेश दोन यंत्रांमधील जाळ्यावरून जातात, तारेची भानगड नाही. परंतु यात एक उणीव आहे. हा प्रोग्राम यंत्र पुरते जागे झाल्यावरच कामाला लागतो. यंत्र उठतच नसेल, किंवा जाळेच तुटले असेल, तर तो निरुपयोगी. आणि दुरुस्ती करणाऱ्याला यंत्र लागते ते नेमके अशा वेळी. म्हणून रॅकच्या खोलीत डब्याची जागा प्रोग्रामला घेता आलेली नाही.

आता माणसाकडे येऊ. या यंत्रावरून त्या यंत्रावर जाण्यास डब्यावर बटण असते, पण डबा दूर असला तर कळफलकावरूनच खूण करावी लागते. ती खूण अशी हवी की एरवी कोणी सहज करणार नाही. पुष्कळ डब्यांनी त्यासाठी स्क्रोल लॉक ही कळ दोनदा दाबण्याची रीत ठेवली. ही कळ कळफलकावर १९८१ पासून आहे आणि तिचा उपयोग बहुतेकांना आजतागायत सापडलेला नाही. या डब्यामुळे ती बिचारी मार्गी लागली. दोनदा स्क्रोल लॉक, मग तीनचा आकडा, आणि तिसरे यंत्र समोर हजर.

हजर तर झाले. पण तेच तिसरे आहे हे माणसाला कशावरून कळावे? आठही यंत्रांचा पडदा सारखाच काळा, अक्षरे सारखीच पांढरी. येथे जी चूक होते तिला या धंद्यात सर्व जण भितात: योग्य हुकूम, अयोग्य यंत्र. गिटलॅब ही प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे काम साठवून ठेवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री उशिरापर्यंत बिघाडाशी झुंजणाऱ्या तिच्या एका कामगाराने, आपण दुय्यम यंत्रावर आहोत असे समजून, मुख्य यंत्रावरील माहितीचे दालन पुसण्याचा हुकूम दिला. एकदोन सेकंदांत त्याच्या ध्यानात आले आणि त्याने हुकूम थांबविला. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. पुष्कळ माहिती मागाहून परत मिळाली, तरी सुमारे सहा तासांची नवी नोंद कायमची गेली. तेथे आपला डबा नव्हता. जाळ्यावरून एकाच पडद्यावर अनेक यंत्रांच्या खिडक्या उघडलेल्या होत्या. पण रोग एकच. त्या कंपनीने पुढे जे केले ते आम्हांस विशेष वाटते. तिने सर्व हकिगत छापली, अहवालात त्या कामगाराचे नाव घातले नाही, आणि नकला ठेवण्याच्या आपल्या व्यवस्था एकामागून एक कशा निकामी निघाल्या हे उघडपणे लिहिले. आमच्या अनुभवातील व्यवस्थापक असा अहवाल लिहीत नाहीत. ते प्रथम नाव लिहितात आणि मग अहवाल.

उपाय साधे आहेत. प्रत्येक यंत्राच्या पडद्याची पार्श्वभूमी वेगळ्या रंगाची ठेवावी. ज्यावर चूक परवडणार नाही ते लाल. यंत्राचे नाव पडद्याच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत सतत दिसावे. डब्याच्या भोकांवर चिकटपट्टी लावून नावे लिहावी, आणि तार बदलली की पट्टीही बदलावी. या उपायांना पैसा लागत नाही. लागतो तो अर्धा तास, आणि तो मिळत नाही.

या डब्याने कामगाराचे नुकसानच केले असे मात्र कोणी म्हणू नये. रॅकच्या खोलीत ज्याने एक तास काढला आहे त्याला विचारावे. पावणेदोन इंचांच्या घरात पंखा बसवावयाचा तर तो दीड इंचांहून फारसा मोठा असू शकत नाही, आणि एवढ्याशा पंख्याने यंत्र थंड ठेवावयाचे तर त्याला मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घ्यावे लागतात. असे शेकडो पंखे एका खोलीत. शेजारच्याशी ओरडून बोलावे लागते. समोरून गार वारा आणि मागून भट्टी. डब्याच्या तारा लांबविल्या आणि माणूस काचेपलीकडच्या शांत खोलीत बसला, हे खरे सुख आहे. विमानतळाच्या नियंत्रण कक्षातूनही यंत्रे अशीच दुसऱ्या खोलीत हलवितात; टेबलावर उरतो तो पडदा आणि कळफलक, आणि माणसाला वैमानिकाचा शब्द नीट ऐकू येतो. सैन्याच्या कचेऱ्यांत गुप्त आणि साधे अशी दोन जाळी वेगळी ठेवावी लागतात. तेथे खास बनावटीचे डबे असतात, ज्यांच्यात कळफलकाकडून यंत्राकडे संदेश जातो पण उलट काहीच येऊ शकत नाही, म्हणजे एका यंत्राचे गुपित डब्यातून दुसऱ्यात झिरपू नये.

पण तार एकदा लांबली की ती कोठे थांबावी याला मर्यादा राहत नाही. या शतकाच्या आरंभापासून असे डबे निघाले की जे यंत्राचे चित्र टिपून, दाबून लहान करून, इंटरनेटवरून पाठवितात आणि दूर देशीच्या माणसाने दाबलेली कळ यंत्राला आणून देतात. पूर्वी त्यांची किंमत फार होती. रास्पबेरी पाय हा इंग्लंडात २०१२ साली निघालेला तळहाताएवढा संगणक. त्याच्यावर आता हौशी लोकही घरी असा डबा करतात, आणि यंत्राचे वीज-बटण दाबण्याची सोयही त्याला जोडतात. पुण्याच्या हिंजवडीत बसलेला मुलगा न्यू यॉर्कमधील बंद पडलेले यंत्र उठवितो, त्यात आता नवल उरलेले नाही. फरक इतकाच की तेथे सकाळचे साडेनऊ वाजतात तेव्हा उन्हाळ्यात येथे संध्याकाळचे सात आणि हिवाळ्यात आठ वाजलेले असतात, आणि यंत्राचा दिवस तोच त्याचा दिवस होतो.

मघाशी बदलीवाल्याची गोष्ट सांगितली तिची ही दुसरी बाजू पाहा. यंत्राला समजते ते एवढेच की माझ्यापुढे कळफलक आहे. कळफलकामागे कोण आहे, तो कोठे आहे, हे समजण्यास त्याला मार्ग नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने काही खटले जाहीर केले. उत्तर कोरियातर्फे काम करणारी माणसे दुसऱ्यांच्या नावावर अमेरिकन कंपन्यांत घरबसल्या नोकऱ्या करीत होती. कंपनी आपल्या नोकराला म्हणून जो लॅपटॉप पाठवी तो अमेरिकेतीलच एका घरी जाई. तेथे अशा लॅपटॉपांना हे डबे लावून ठेवलेले असत आणि चालविणारा परदेशात. लॅपटॉपच्या दृष्टीने सर्व काही ठीक होते. त्याला कळफलक दिसत होता, पडदा दिसत होता, आणि पत्ताही अमेरिकेचा होता.

यंत्राची फसवणूक करता येते. माणसाच्या लक्षाची करता येत नाही. डबा कळफलकाचे आठ बदलीवाले उभे करतो, पण खुर्चीवरच्या माणसाचा बदलीवाला त्यात नाही. पाचव्या यंत्रावर काम चालू असता दुसऱ्यावर धोक्याची सूचना आली, तर ती ज्या पडद्यावर उमटली तो पडदा त्या क्षणी कोणाच्याही समोर नसतो. तेव्हा 'या डब्याला आठ भोके आहेत' हे वाक्य यंत्रशास्त्राचे झाले. 'म्हणून तू आठ यंत्रे सांभाळ' हे वाक्य यंत्रशास्त्राचे नव्हे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. मुंबईच्या साचेखात्यात नेमके हेच भांडण झाले. दोन साचे चालविणाऱ्या विणकऱ्याने तीन चालवावे, एक बाजू सांभाळणाऱ्या कातणाऱ्याने दोन बाजू सांभाळाव्या, अशा योजना काही गिरण्यांनी आणल्या. त्याला 'कार्यक्षमता' हे नाव होते. त्यातून १९२८ साली एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत संप चालला, गिरणी कामगार युनियन जन्मास आली, आणि शेवटी फॉसेट समितीपुढे साच्यांची आणि माणसांची मोजदाद झाली. त्या भांडणात एक गोष्ट कामगाराच्या बाजूची होती. तिसरा साचा दिसत होता. तो शेजारी उभा होता, त्याचा धागा तुटत होता, आणि मोजणाऱ्याला मोजता येत होता.

आमची चिंता ही आहे की हे साचे दिसत नाहीत. गिरणीत नवे यंत्र यावयाचे तर ते दारातून येई, पाया खणावा लागे, चार लोकांना कळे. बँकांत १९८३ साली यांत्रिकीकरणाचा करार झाला, तेव्हा यंत्रे किती आणि कशासाठी यांच्या मर्यादा कागदावर आल्या, कारण यंत्र मोजता येत होते. हा डबा स्टेशनरीच्या खर्चात येतो. दोन भोकांचा काढून आठ भोकांचा बसविला, आणि एका डब्याला आठ डबे जोडले तर चौसष्ट यंत्रे होतात. टेबल तेच, खुर्ची तीच, पगार तोच. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात कामाच्या अटी बदलण्यापूर्वी २१ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद होती. २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली, तिच्यातही ती आहे. परंतु मालक म्हणतो, बदल कसला? एक तार तर लावली! आणि ती यंत्रे सांभाळणारा तरुण स्वतःला कामगार म्हणवून घेण्यास लाजतो, त्यामुळे अर्धा खटला आपणच हरून जातो.

म्हणून आम्ही जेथे बोलणी करतो तेथे टेबले मोजीत नाही, डब्याची भोके मोजतो. एका पाळीत एका माणसाकडे किती यंत्रे, त्यांपैकी किती अशी की ज्यांची सूचना तत्काळ पाहिली पाहिजे, आणि अशा यंत्रांना स्वतंत्र पडदा आहे काय, हे तीन आकडे आधी कागदावर घ्यावे. ते घेतल्यावर बहुधा व्यवस्थापकालाही प्रथमच कळते की आपल्याकडे काय चालले आहे.

आणखी एक बाब राहिली. ती लहान दिसते, पण तिच्यावरून आम्ही लोकांच्या नोकऱ्या जाता जाता वाचविल्या आहेत. कळफलक सामाईक असला तरी प्रत्येक यंत्रात शिरण्याचे नाव आणि परवलीचा शब्द ज्याचा त्याचा असतो. संध्याकाळी पाळी सुटली, माणूस समोरच्या यंत्रातून बाहेर पडला आणि घरी गेला. उरलेल्या सात यंत्रांवर तो अजून आतच आहे, कारण ते पडदे त्याच्यासमोर नव्हते. रात्रपाळीचा माणूस त्याच खुर्चीवर बसतो, स्क्रोल लॉक दोनदा दाबतो, आणि पुढचे सर्व हुकूम पहिल्याच्या नावावर नोंदले जातात. चौकशीत नोंदवही बोलते, खुर्ची बोलत नाही. तेव्हा पाळी सुटताना आठही यंत्रांवर एकेकदा जाऊन प्रत्येकातून बाहेर पडले पाहिजे, आणि नव्या माणसाने आपल्या नावाने आत शिरले पाहिजे. यास दहा मिनिटे लागतात. ती दहा मिनिटे पाळीच्या वेळात धरावी, एवढे कलम आम्ही सध्या प्रत्येक मसुद्यात घालीत आहोत.